बाद झालेली पिशवी

रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीतून फोन आला, "सर, जरा समक्ष येऊन जाता का?" फोनवर सांगत नाहीत म्हटल्यावरच पोटात गोळा आला. समुपदेशक बाईंनी दार लोटून घेतलं. हेपॅटायटिस सीच्या एलायझा चाचणीत माझं रक्त रिअ‍ॅक्टिव्ह आलं होतं, पिशवी बाद.

"अहो, पण तुम्हाला कधी रक्त चढवलंय का?" बायकोनं विचारलं. नव्हतं. ऑपरेशन नाही, साधं गोंदणही नाही. वहिनीनं मात्र गुपचूप माझा कप वेगळा केला. हा आजार रक्तातून पसरतो, उष्ट्या कपातून नव्हे. पण भीतीला एवढा तपशील कुठला परवडतो!

पोटविकारतज्ज्ञांनी चिठ्ठीमागे हिशेब मांडला. "समजा, हजार दात्यांत बाधित ५. चाचणी उरलेल्या ९९५ पैकी ९९ टक्के लोकांना बरोबर निगेटिव्ह ठरवते. तरी दहाएक जण उगाच अडकतात. म्हणजे पंधरा रिअ‍ॅक्टिव्हमध्ये खरे बाधित किती?" मी गणिताचा मास्तर. हिशेब तत्क्षणी पटला, धडधड थांबली नाही.

शिवाय ही चाचणी विषाणू शोधतच नाही. त्याच्याविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. लागण झालेल्यांपैकी १५ ते ४५ टक्के लोकांचं शरीर औषधाविना विषाणू हटवतं, पण प्रतिपिंडं मागे राहतात. उलट नव्या लागणीत ती दिसायला साधारण ८ ते ११ आठवडे लागतात. तोवर अहवाल साळसूदपणे निगेटिव्ह. म्हणून पुढची पायरी आरएनए पीसीआर, खुद्द विषाणू शोधणारी.

नमुना द्यायला गेलो, तिथे डायलिसिसवरचे एक काका कुरकुरत होते. "प्रतिपिंडं निगेटिव्ह आलीत, मग हा खर्च कशाला?" खरं तर त्यांनाच ही पीसीआर जास्त गरजेची होती. डायलिसिसवरच्या रुग्णांची प्रतिकारशक्ती मंदावलेली असते, लागण होऊनही प्रतिपिंडं पुरेशी बनतातच असं नाही. आणि रक्त सतत यंत्रातून फिरणार. माझ्या रिअ‍ॅक्टिव्हपेक्षा त्यांच्या निगेटिव्हवर विश्वास ठेवणं अवघड होतं.

माझ्या नमुन्यात विषाणूचा आरएनए आढळला नाही. आधीचा निकालच खोटा होता की कधीतरी लागण होऊन आपोआप गेली, हे एवढ्यावरून ठरत नाही, असं डॉक्टर म्हणाले. उपचार नकोत, एवढं नक्की. विषाणू सापडला असता तरी बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्या पुरतात, आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्या मोफत मिळतात. रक्तपेढीनं मात्र दात्यांच्या यादीतून माझं नाव काढलं. मी हुज्जत घातली नाही. त्यांच्या जागी मीही काढलं असतं.