सुईचा पाव फेरा

मॉडेल विमानाचे इंजिन सर्वांत सुरेल वाजते ते बिघडण्याच्या आदल्या क्षणी, ही गोष्ट ज्याच्या कानाला एकदा पटली, त्याला त्या इंजिनाच्या तापण्याची अर्धी मीमांसा आपोआप उलगडते. भातकापणी उरकून पालघर-बोईसरकडची खाचरे मोकळी झाली, की तेथे उभे राहून हा स्वर ऐकण्यासारखा असतो: इंधनाचा ओघ ठरवणारी सुई थोडी आवळावी, धूर विरावा, आवाज चढत चढत तारसप्तकात जावा, आणि ऐकणाऱ्याला धन्यता वाटत असतानाच पंखा एकाएकी मंदावून इंजिन मूक व्हावे.

मुठीत मावणाऱ्या या यंत्राला ठिणगीची व्यवस्था नसते. रे आर्डन यांनी १९४७ साली बाजारात आणलेल्या ग्लो प्लगमधील प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या सान्निध्यात धगधगत राहते, तेवढ्यावर त्याचे ज्वलन चालते. एक भाग पेट्रोल जाळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर मिथेनॉलला ६.४ भागच पुरतात. म्हणून हे इंजिन इंधन मनमुराद पिते, परंतु प्यालेल्या प्रत्येक थेंबाची वाफ होताना, माठाच्या अंगावर पाझरणाऱ्या पाण्याप्रमाणे, उष्णता हिरावली जाते, आणि त्यातच मिसळलेले एरंडेल दट्ट्याभोवती ओशट पडदा धरून उरलेला ताप धुरावाटे बाहेर नेते. १९६९ पासून वीज देऊ लागलेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांतही जे पाणी उकळून टर्बाइन फिरवते, तेच इंधनकांड्यांचा दाह वाहून नेते; तो ओघ आटता कामा नये, हा जो दंडक त्या अवाढव्य केंद्राला, तोच या चिमुकल्या इंजिनाला.

म्हणून तापलेल्या इंजिनाची कैफियत ऐकताना प्रथम इंधनाचा ओघ तपासावा. विमान पाठीमागून घट्ट धरून, थ्रॉटल पूर्ण उघडून, नाक आभाळाकडे करावे. टाकी कार्बोरेटरच्या खाली जाऊन मिश्रण विरळ होते, तेव्हा वेग किंचित वाढला तर पदरी शिल्लक आहे असे समजावे, आणि स्वर खचला तर सुई त्वरित पाव फेरा उघडावी. तेवढ्याने भागले नाही तर नळीला बारीक चीर, गाळणीत कचरा, किंवा टाकीतील लोंबत्या नळीचा अडकलेला वजनी तुकडा, यांचा कसून तपास करावा. आणि इंजिनावर झाकण असेल तर हवेची बाहेर पडण्याची वाट आत शिरण्याच्या वाटेहून प्रशस्त आहे ना, हेही पाहावे.

ऋतूचा अंमलही विसरून चालत नाही. वैशाखातील तप्त, दमट वाऱ्यात प्राणवायू कमी, म्हणून कालचे मिश्रण दाट ठरते. मार्गशीर्षातील पहाटेच्या थंड, घन हवेत तीच सुई विरळ मिश्रण देते आणि इंजिन भाजून काढते. शिवाय आकाशात पंख्यावरचा भार हलका होऊन फेरे वाढतात, टाकीची पातळी उतरत जाते, आणि जमिनीवर निर्दोष भासलेले मिश्रण वर गेल्यावर अपुरे पडते. त्याची तजवीज जमिनीवरच करावी लागते.

कमाल स्वर गाठून तेथून सुई किंचित मागे घेणे आणि शेपटीमागे पांढऱ्या धुराची रेघ राखणे, ही मला या छंदातील सर्वश्रेष्ठ विद्या वाटते. कारण अशा रीतीने सोडून दिलेला तो अल्प वेग इंजिनाच्या आयुर्मानाच्या खाती जमा होतो, अशी माझी दृढ धारणा आहे.