मान वर करून पाहिलेली मुंबई

मुंबई पाहावयास आलेला पाहुणा प्रथम समुद्राची वाट विचारतो, मग गेटवेची. ज्या स्थानकांत तो उतरला त्याच्याकडे मात्र पाठ फिरवून तो चालूं लागतो. हा दोष केवळ पाहुण्यांचा आहे असें नाहीं. आमचे थोरले बंधु डोंबिवलीहून कोटांतील एका कचेरींत ३४ वर्षें जात होते. काचबिंदूनें त्यांची दृष्टि आतां नळींतून पाहावें इतकीच उरली आहे. समोरचें तेवढें दिसतें, आजूबाजूचें नाहीं. गेल्या माघांत ते एकदम म्हणाले, "बाळ, मला एकदां बोरीबंदर दाखव. डोळ्यांत आहे तोंवर."

बोरीबंदर म्हणजे पूर्वींचें व्हिक्टोरिया आणि आजचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस. नातवास बरोबर घेऊन आम्ही दुपारीं तीननंतर गेलों. इमारतीचें तोंड पश्चिमेस आहे, म्हणून पाहणारानें हीच वेळ साधावी. उन्हें कललीं म्हणजे कोरीव कामांत सावल्या भरतात आणि दगड बोलूं लागतो. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्यें सुरू झालेलें हें काम १८८८ मध्यें पुरें झालें. कोरीव काम बव्हंशीं जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचें. मी पडलों मास्तर. पोरांनीं शिकतां शिकतां केलेलें काम सव्वाशेंहून अधिक पावसाळे सोसून उभें आहे, याचेंच मला अधिक कौतुक!

दादांनीं प्रथम फाटकाच्या एका खांबावरचा सिंह पाहिला, मग दुसर्‍या खांबावरचा वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. नंतर भिंतींवरचीं पानें, पक्षी. शेवटीं मान मागें टाकून घुमटावरची, हातीं मशाल घेतलेली प्रगतीची मूर्ति. आम्हां धडधाकट डोळ्यांच्या माणसांस सगळी इमारत एकदम दिसते आणि तिच्यांतलें कांहींच दिसत नाहीं. दादा एकेका पक्ष्यापाशीं थांबत होते. नातू चुळबुळ करूं लागला, तरी त्यांची मान खालीं येईना.

"३४ वर्षें मीं हिच्यावरचें घड्याळ तेवढें पाहिलें रे," ते म्हणाले.

तेथून टॅक्सीनें ओव्हल मैदानावर आलों. पूर्वेस उच्च न्यायालय व विद्यापीठ, पश्चिमेस १९३० नंतरचीं गोल कोपर्‍यांचीं घरें. २०१८ पासून दोन्ही बाजू जागतिक वारसा ठरल्या आहेत. तीं घरें नातवास आवडलीं. मला त्यांत साबणाच्या वडीची गुळगुळीत गोलाई दिसते, असो.

राजाबाई मनोरा २८० फूट उंच. त्याचा आराखडा करणारे गिल्बर्ट स्कॉट मुंबईस कधीं आलेच नाहींत. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, नांव त्यांच्या मातोश्रींचें. मनोरा १८७८ मध्यें पुरा झाला. त्या माउलीस दिसत नसे; सूर्यास्तापूर्वीं जेवण्याचा तिचा जैन नेम घंटेच्या नादावर सांभाळला जाई, अशी आख्यायिका आहे. ती दादांना सांगावी कीं नाहीं, या विचारांत मी घुटमळत होतों.

इतक्यांत वर पांचाचे ठोके पडले. दादांनीं मनगटाकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. माझा दंड धरून ते म्हणाले, "चल, आतां निघालों तर गर्दीच्या आधींची गाडी सांपडेल."