राधानगरी नव्हे, राधानगर



मुलाने डिसेंबरात अंदमानची तिकिटं काढली. शेजारणीला म्हटलं, राधानगरला चाललेय. ती म्हणते, "राधानगरीला आत्ता कशाला? धरण बघायचं तर पावसाळ्यात जावं!" तिला समजावेपर्यंत चहा निवला. राधानगर म्हणजे हॅवलॉक बेटावरचा समुद्रकिनारा. बेटाचं नाव आता स्वराज द्वीप. २००४ साली टाइम मासिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं.

मी आधी नकोच म्हणत होते. कंदमुळं चालत नाहीत, सूर्यास्ताच्या दोन घटका आधी जेवण आटपायचं, नंतर पाणीसुद्धा नाही. अशा माणसाने इतरांची सहल कशाला बिघडवायची? पण नात ऐकेना.

पोर्ट ब्लेअरला पहिल्याच दिवशी घोळ झाला, तोही माझ्या हिशेबाने. दोन घटका म्हणजे ४८ मिनिटं. डिसेंबरात आपल्या कोल्हापुरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे पाच-दहापर्यंत वेळ आहे, हे डोक्यात पक्कं. सेल्युलर जेल बघून साडेचारला बाहेर पडलो. सावरकरांची कोठडी पाहिल्यावर कुणाला बोलवत नव्हतं. नातीला शहाळं हवं होतं, तिथे थांबलो. हॉटेलात ताट समोर आलं आणि खिडकीबाहेर बघते तर दिवेलागण! घड्याळात जेमतेम पाच. अंदमान इतकं पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. सूर्य थोडाच आपल्या घड्याळावर चालतो? बी.कॉम.ला माझा ताळेबंद कधी चुकला नाही आणि इथे सरळ तासाची चूक.

मी ताट सरकवलं. उपाशी राहण्याचं मला काही नाही, पर्युषणात सवय आहे. पण नात रडवेली झाली. "आजी, माझ्या शहाळ्यामुळे तू जेवली नाहीस?" मग टेबलावर कुणालाच घास जाईना. नियम माझा आणि शिक्षा सगळ्यांना. त्या रात्री झोप लागली नाही, ती भुकेने नव्हे.

दुसऱ्या दिवशी बोटीने हॅवलॉकला पोचलो. साडेतीनला सूनबाईने हाक मारली, "आई, चला जेवायला." बघते तर सगळ्यांचीच ताटं मांडलेली! भात, साधी आमटी, दुधीची भाजी आणि घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी. आचाऱ्याला तिने सकाळीच फोन करून सांगितलं होतं. ही पुण्यात रात्री नऊला जेवणारी मुलगी. मी म्हटलं, "तुम्ही कशाला आत्ता?" तर म्हणाली, "काल कुणालाच गोड लागलं नाही. आज आधी जेवू, मग निवांत सूर्य बघू."

किनारा खरंच सुंदर आहे. पिठासारखी मऊ वाळू, मागे उंच झाडांची दाट रांग. नात शंख वेचत होती. एक शंख तिच्या तळहातावर चालायलाच लागला. आत इवलासा खेकडा! तिथून परवान्याशिवाय शंख-प्रवाळ आणायला बंदी आहे, पण ते सांगायची वेळच आली नाही. तिने तो हलकेच वाळूवर ठेवला आणि मग ओंजळीतले बाकीचेही.

पाचच्या आत सूर्य पाण्यात उतरला. सगळे फोटो काढत होते. मी वाळूत बसून णमोकार म्हटला. पोट भरलेलं, मन शांत.

तेवढ्यात नात मांडीवर डोकं टेकून म्हणाली, "आजी, मला भूक लागली."

सूनबाई माझ्याकडे बघून हसली आणि पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला.