खुशालीची पत्रे

मोठ्या माणसांची पत्रे वाचताना मोठ्या विचारांची अपेक्षा ठेवू नये, असे माझे मत झाले आहे. थोर विचार ही मंडळी ग्रंथांसाठी राखून ठेवतात. पत्रात उतरतात ती घरभाडी, पोटदुखी आणि नवा कोट. खरे सांगू? मला त्या कोटाचीच गोडी अधिक. मोझार्टच्या पत्रांनी माझी ही खोड आणखी पक्की केली.

पाश्चात्त्य संगीतातले मला फार कळते अशातला भाग नाही. मी मराठी शिकवणारी बाई. पण कॉलेजच्या ग्रंथालयात या पत्रांचे इंग्रजी भाषांतर हाती लागले आणि चार रात्री ते खाली ठेववेना. मोझार्ट साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या पदरी होता. तिथे जेवणाच्या मेजावर त्याची जागा हुजऱ्यांच्या खाली आणि आचाऱ्यांच्या वर! १७८१ साली, पंचविसाव्या वर्षी, त्याने ती नोकरी सोडली. निरोप मिळाला तो एका दरबारी अधिकाऱ्याच्या लाथेने. मग व्हिएन्नात शिकवण्या, मैफली, ऑपेरा यांवर त्याने संसार मांडला. धनी नाही आणि ठरलेला पगारही नाही. तिकडे साल्झबुर्गला वडील लिओपोल्ड, स्वतः त्याच दरबाराचे चाकर, कपाळाला हात लावून बसलेले. हा बाप आपल्याला अनोळखी आहे का हो?

त्या बापाला मुलगा लिहीत राहतो. १७८२च्या जुलैत त्याचा ऑपेरा रंगमंचावर येतो आणि नेमकी त्याच दिवसांत वडिलांकडून हाफ्नर घराण्यासाठी सिंफनीची मागणी येते. बिचारा रात्री जागून एकेक भाग टपालाने पाठवतो. पुढच्या वर्षी ते कागद परत हाती येतात, तेव्हा कळवतो की यातला एक सूरही आठवत नव्हता, आणि चीज तर चांगली वठली आहे! १७८४च्या मार्चमध्ये तो आपल्या मैफलींच्या वर्गणीदारांची यादीच पाठवतो, नावे १७४. कुणी म्हणेल, ही फुशारकी. मला तीत वेगळेच ऐकू येते: बाबा, मी उपाशी नाही.

हे मला ऐकू येते त्याला कारण आहे. माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी चांगली नोकरी सोडली. आता तो स्वतःच्या चाली बांधतो, स्वतःच ध्वनिमुद्रित करतो. घरच्यांना फोनवर त्याचा मजकूर येतो तो असा: "नवी चाल अर्धी झाली. शनिवारी हरिश्चंद्रगडावर जाऊन आलो. मांजरीला तीन पिल्ले झाली." दादा तो दोनदा वाचतो आणि मला विचारतो, "यात कमाईचं कुठं लिहिलंय?"

म्हणून एका रविवारी मी दादाला १७९१च्या ऑक्टोबरातले एक पत्र वाचून दाखवले. बायको बाडेनला हवापालटासाठी गेलेली. मोझार्ट तिला कळवतो: तू गेल्यावर मोझार्ट नावाच्या गृहस्थाबरोबर, म्हणजे स्वतःशीच, बिलियर्डचे दोन डाव खेळलो, घोडा चौदा डुकाटला विकला, काळी कॉफी मागवली, पाइप ओढला, मग क्लॅरिनेटच्या कॉन्चेर्तोचा शेवटचा भाग जवळजवळ पुरा केला. घोडा, कॉफी आणि कॉन्चेर्तो सगळे एका दमात! ज्या रचनेपुढे आज जग माना डोलावते, ती या यादीत तंबाखूनंतर येते.

दादा हसला. मग म्हणाला, "पुढं काय झालं त्याचं?"

हा प्रश्न चुकवण्यात अर्थ नव्हता. शेवटच्या काही वर्षांत तो एका व्यापारी मित्राकडे पुन्हापुन्हा उसने मागत होता. हे पत्र लिहिल्यावर दोन महिन्यांच्या आतच, ५ डिसेंबरला, पस्तिसाव्या वर्षी गेला. मी ते सांगितले. दादा गप्प झाला. कलेने पोट भरतेच, असे त्याला सांगायला माझ्याजवळ मोझार्टही पुरावा नव्हता.

पण एक गोष्ट मी त्याला आणखी सांगितली. व्हिएन्नाच्या त्या वर्षांत बापाने मुलाला लिहिलेली पत्रे जवळजवळ सगळी हरवली. मुलाने बापाला लिहिलेली मात्र पुष्कळशी आज आपल्याला वाचायला मिळतात, कारण रागावलेल्या, धास्तावलेल्या त्या म्हाताऱ्याने ती नीट जपून ठेवली होती.

दादा काही बोलला नाही. चष्मा पुसून त्याने फोन हातात घेतला आणि बराच वेळ एकेक अक्षर शोधत काहीतरी लिहीत बसला. नंतर भाच्याने मला कळवले, "आत्या, बाबांनी पिल्लांची नावं विचारली आहेत."