टिपणीवरचा शेरा

आमची पिढी महसूल खात्यात लागली तेव्हा कागदाची वाट ठरलेली असे. आधी बारनिशीत नोंद, मग कारकुनाची टिपणी, अव्वल कारकुनाची सही, तहसीलदार, प्रांत आणि शेवटी जिल्हाधिकारी. वाटेतल्या प्रत्येकाने आपलं मत लिहायचं आणि त्याखाली सही करायची. मग कधी तरी फाइल परत येई आणि समासात हिरव्या शाईचा शेरा दिसे : ‘चर्चा करावी’. तो वाचून पोटात गोळा येई, पण आनंदही होई. कारण आपण लिहिलेलं कुणी तरी पूर्ण वाचलेलं असे.

आता ई-ऑफिस आहे. फाइल क्षणात वर जाते आणि कुणाकडे किती दिवस पडली आहे ते पडद्यावर दिसतं. जून 2012 मध्ये मंत्रालयाच्या आगीत फायली जळाल्या, त्यानंतर कागदाच्या गठ्ठ्यांचा अभिमान कुणी धरू नये. डिजिटल सहीचा सातबारा 2018 पासून घरबसल्या मिळतो. याचं आम्हाला मनापासून समाधान आहे, कारण तलाठ्याच्या दारात ताटकळणारी माणसं आम्ही पाहिली आहेत. नवरा गेल्यावर वारसनोंदीसाठी महिनोन्‌महिने खेटे घालणारी बाई पाहिली आहे. वजन ठेवल्याशिवाय कागद हलत नाही, हे तिला गावाने आधीच सांगितलेलं असे. शेवटी कामाच्या 7 दिवसांपेक्षा जास्त काळ फाइल कुणाकडेही पडून राहू नये, असा कायदाच राज्याला 2005 साली करावा लागला. जुनं ते सोनं म्हणायला आमची जीभ रेटत नाही, ती त्या बाईमुळे.

तरीही एक प्रसंग विसरता येत नाही. दुष्काळाचं वर्ष, रोजगार हमीची कामं जोरात. एका पाझर तलावाच्या प्रस्तावावर नव्या कारकुनाने लिहिलं की, या जागेत दोन अल्पभूधारकांचं सगळंच क्षेत्र जातं, तेव्हा जागेचा फेरविचार व्हावा. नोकरीत नुकताच चिकटलेला पोरगा आणि मत थेट वरिष्ठांच्या प्रस्तावाविरुद्ध! शेरा पडला, बोलावणं आलं. जिल्हाधिकाऱ्यांनी त्याला खुर्ची दिली, टेबलावर गावनकाशा पसरला आणि एकेका गटावर बोट ठेवून विचारत गेले. निर्णय त्याच्या विरुद्ध गेला. पण साहेबांनी स्वतःच्या हाताने अर्धं पान लिहिलं : जागा का बदलत नाही, नुकसान कुणाचं होणार आहे, आणि म्हणून त्या दोघांचा मोबदला सर्वांत आधी द्यावा. ‘टिपणी बदलून आण’ असं कुणी म्हणालं नाही. पोराचं मत फाइलीत जसंच्या तसं राहिलं. आमच्या लेखी नेतृत्व म्हणजे ते अर्धं पान.

आता सूचना व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर येते आणि खाली ‘ओके सर’ची रांग लागते. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीला पुराने वेढलं, तेव्हा टिपणीची वाट पाहत बसलो असतो तर माणसं गेली असती. अशा वेळी फोनच हवा. पण पूर ओसरतो आणि ग्रुप तसाच चालू राहतो. बदली, वाळूचा लिलाव, अतिक्रमण, सगळं तोंडी ठरतं आणि फाइल मागाहून तयार होते. 2005 मध्ये माहितीचा अधिकार आला आणि टिपण्या लोकांना पाहता येऊ लागल्या. ते योग्यच झालं, पण तेव्हापासून लेखणी आखडलेलीही आम्ही पाहिली. टी. एस. आर. सुब्रमण्यन आणि इतरांच्या याचिकेवर 2013 साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की, अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर चालू नये, ते लेखी नोंदवावेत. पूर्वी जे कारकुनाच्या अंगवळणी पडलेलं होतं, ते आता निकालपत्रात लिहावं लागतं.

दोष यंत्राचा नाही. ई-ऑफिसमध्ये पिवळी नोट कच्ची असते, ती खोडता येते. हिरवी नोट कायम झाली की तिला हात लावता येत नाही. वेगळं मत लिहायला जागा पूर्वीइतकीच आहे. ते वाचून माणसाला समोर बसवणारा वरिष्ठ मात्र कमी झाला आहे, आणि आम्हाला हुरहूर आहे ती त्याची. नवे तहसीलदार भेटले की आम्ही त्यांना एवढंच विचारतो : तुमच्या मताविरुद्ध लिहिलेली टिपणी शेवटची कधी वाचलीत? काही जण लगेच सांगतात, कुणी लिहिली होती तेही सांगतात. त्यांच्या हाताखालचा कारकून कोण आहे, याची चौकशी आम्ही मुद्दाम करतो.