पुन्हा डोंगरउतारावर
वीसेक वर्षांनी माउंटन बाइककडे वळणाऱ्याला आधी सायकलच ओळखू येत नाही. 26 इंची चाकांच्या जागी 29 इंची आलेली असतात, पुढच्या तीन चकत्यांची एक झालेली असते, मागे 12 गिअर असतात आणि उतार लागला की हँडलवरच्या खटक्याने सीट खाली जाते. सर्वांत मोठा बदल ब्रेकचा. 1976 साली कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत ‘रीपॅक’ उतारावर शर्यती सुरू झाल्या, तेव्हा ब्रेक लावून लावून मागच्या हबमधलं ग्रीस एका फेरीत जळायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. नाव त्यावरूनच पडलं. आता हायड्रॉलिक डिस्कला एक बोट पुरतं.

तोल शरीर विसरत नाही, दम मात्र विसरतं. पहिल्याच चढावर छातीचा भाता होतो. खरी अडचण त्यापुढे, मुरमाड वळणावर येते. जुन्या सवयीने पुढचा ब्रेक करकचून आवळला, की चाक छर्ऱ्यांवरून गेल्यासारखं सरकतं. नजर दगडावर खिळली, तर सायकलही तिकडेच जाते. शाळकरी वयात गुडघ्याची खपली आठवड्यात पडायची. चाळिशीत मुरगळलेलं मनगट महिनाभर ठणकतं. म्हणून अवघड टप्पा आला, की शहाणा स्वार निमूट उतरतो आणि सायकल हातात धरून चालू लागतो.