बोटांचे शिक्षण

हाड बसवण्याची विद्या सातारा-सांगलीकडे पूर्वापार कामधंदा सांभाळून शिकली गेली. कृष्णाकाठच्या गावांत तालमीचा वस्ताद अनेकदा हाडवैद्यही असे. दिवसा शेत, पहाटे आणि सांजेला आखाडा. पठ्ठ्याचा खांदा निखळला, मनगट मुरगळले किंवा पाठीत उसण भरली, की वस्ताद हात लावी. शिकू पाहणारा शेजारचा पोरगा आधी दुखणाइताला नुसता धरून ठेवी, मग तेल चोळी, पुढे पट्टी बांधी. सांध्याला हात घालायला मिळेपर्यंत वर्षे जात. गोळेश्वरचे खाशाबा जाधव आणि कवठेपिरानचे मारुती माने हे पैलवान घडले, ते कुस्तीच्या याच मुलखात.

या विद्येला शास्त्राचा आधारही जुना आहे. सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे ६ आणि हाड मोडण्याचे १२ प्रकार सांगितले आहेत. या विद्येशी नाते सांगणारी एक उपचारपद्धती पुढे अमेरिकेतही उभी राहिली. तिथे अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरने १८७४ मध्ये ऑस्टिओपॅथीचा विचार मांडला आणि १८९२ मध्ये मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे तिची पहिली शाळा काढली. शाळा काढण्याआधी काही काळ तो स्वतःची जाहिरात हाडवैद्य म्हणूनच करीत असे. सांधे, स्नायू आणि रक्ताभिसरण यांचा एकत्र विचार करायचा, निदान आणि उपचार दोन्ही हातांनी करायचे, हा या पद्धतीचा गाभा. अमेरिकेत आज ऑस्टिओपॅथीची पदवी घेणारा पूर्ण डॉक्टर असतो. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय ऑस्टिओपॅथ म्हणवून घेता येत नाही.

भारतात ऑस्टिओपॅथीचा मार्ग धरणाऱ्यांत फिजिओथेरपिस्ट बरेच असतात. ते नोकरी किंवा दवाखाना सांभाळून टप्प्याटप्प्याने शिकतात. त्यांचे पायाभूत शिक्षण कराड आणि मिरज येथे होऊ शकते. मात्र अर्धवेळ शिकणे म्हणजे थोडे शिकणे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये नव्याने शिकणाऱ्यासाठी ४,२०० तासांचा मापदंड ठेवला. त्यातले किमान १,००० तास देखरेखीखाली रुग्ण तपासण्याचे. शनिवार-रविवार सहा-सहा तास दिले, तर एकही सुटी न घेता पावणेसात वर्षे लागतात. आरोग्यसेवेतील पदवी आधीच असेल, तर तास कमी होतात. पण रुग्णाला हात लावण्याचा सराव टळत नाही.

हा सराव बोटांपासून सुरू होतो. कागदाखाली केस ठेवायचा, डोळे मिटून तो बोटाने शोधायचा, मग एकेक कागद वाढवत जायचे. जोर दिला की केस हरवतो. बोट हलके ठेवले की सापडतो. पुढे हीच बोटे मानेच्या तळाचा उंच मणका, कमरेचा ताठरलेला स्नायू आणि सांध्याची अडलेली हालचाल ओळखू लागतात. हे पुस्तकातून येत नाही आणि घाईने तर नाहीच. म्हणूनच आठवडाभर रुग्ण पाहून सुटीच्या दिवशी गुरूपुढे शंका मांडणाऱ्याला अर्धवेळ शिक्षण चांगले मानवते.

हात कुठे लावायचा नाही, हे या शिक्षणाचे सर्वांत मोलाचे अंग. कंबरदुखीबरोबर लघवी अडली, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरता आली, तर रुग्णाला तातडीने रुग्णालयात पाठवायचे. ताप, वजन घटणे आणि रात्रीची वेदना असेल, तर मणक्याचा क्षयरोग असू शकतो. मोडलेल्या हाडावर आवळून बांधलेल्या पट्टीने रक्तपुरवठा तुटून हातपाय गमावण्याची वेळ येते. जुन्या हाडवैद्याकडे हात होता, पण क्ष-किरण नव्हते. आजच्या शिकणाऱ्याकडे दोन्ही आहेत.

ऊसतोडीच्या हंगामात या दोन्ही जिल्ह्यांत डोक्यावर मोळ्या वाहून मान आणि कंबर धरलेली माणसे गावोगाव असतात. त्यांना जाणत्या हातांची खरी गरज आहे. पण पाठ कोणाच्याही हाती देण्यापूर्वी प्रत्येकाने विचारावे: कुठे शिकलात, किती वर्षे, आणि कोणाच्या देखरेखीखाली? ज्याने मनापासून शिक्षण घेतले आहे, तो या प्रश्नांनी रागावणार नाही.